मार्चअखेर कुणाची? विश्रामबागेतल्या एका छोट्या कंपनीचं वर्ष

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग हिशेबाचा आहे. घाबरू नका, टॅली उघडावी लागणार नाही.

झालं असं की गेल्या काही महिन्यांत सांगली-मिरजेतल्या तीन-चार ओळखीच्या लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. सगळे माझ्याच धंद्यातले. पाच ते पंधरा माणसांची आयटी सर्व्हिसेस कंपनी, म्हणजे दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं, सांभाळायचं आणि त्याचे तास विकायचे. प्रश्न असा: "वर्षाचा आढावा कधी घ्यायचा? आणि पुढच्या वर्षाचं प्लॅनिंग कशावर करायचं?" मी इतिहासाचा पॉडकास्ट करतो आणि पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे मला दोन्हीतलं कळतं असा त्यांचा समज आहे. तो कितपत खरा हे तुम्ही ठरवा.

यूट्यूबवर याची उत्तरं ढिगानं मिळतात. पण जवळपास सगळी गृहीत धरतात की वर्ष ३१ मार्चला संपतं, किंवा अमेरिकन असतील तर ३१ डिसेंबरला. आज मला या गृहीतकाबद्दलच बोलायचंय. वर्ष कुठे तोडायचं हा हिशेबातला पहिला निर्णय, आणि आपल्या भागात तो निर्णय शेकडो वर्षं ज्याचा त्यानं घेतला होता. ३१ मार्चची सक्ती किती जुनी आहे हे ऐकलंत तर आश्चर्य वाटेल. पुढे येतोच त्यावर.

आमचं ऑफिस विश्रामबागेत आहे. पुण्याच्या श्रोत्यांसाठी सांगतो, विश्रामबाग म्हटल्यावर तुम्हाला दुसऱ्या बाजीरावाचा वाडा आठवेल. आमची विश्रामबाग म्हणजे सांगली आणि मिरज यांच्या मधला भाग. इथे १९१९ पासून विलिंग्डन कॉलेज आहे आणि १९४७ पासून इंजिनिअरिंग कॉलेज, जे आज वालचंद कॉलेज म्हणून ओळखलं जातं. आमच्यासारख्या छोट्या कंपन्या इथे का निघाल्या हे वेगळं सांगायला नको. पोरं इथेच शिकतात, आणि शिकून झाली की पुण्याला जातात. त्यातली थोडी आपल्याकडे राहावीत म्हणून जी धडपड चालते, ती म्हणजे आमचा धंदा. वाड्याचा दुसरा बाजीराव मात्र आजच्या गोष्टीत येणार आहे, कारण आढावा न घेता कारभार कसा चालतो हे त्याच्याकडे बघून चांगलं कळतं.

सुरुवात त्याच्या बरीच आधी करू. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराच्या वर्षाचं वर्णन आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला. दसऱ्याला कूच. निघताना प्रत्येकाजवळ काय चीजवस्तू आहे त्याची यादी करायची, लहानथोर सगळ्यांची. आठ महिने मुलूखगिरी. वैशाखात परत येताना झडती, आणि जे सापडेल ते निघतानाच्या यादीशी ताडून बघायचं. जास्तीचं असेल ते हिशेबात धरायचं. अकाउंट्स शिकलेल्याला यात ओपनिंग बॅलन्स आणि क्लोजिंग बॅलन्स दिसेल. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की वर्ष कामाच्या चक्रावर बसवलं होतं. मोजदाद कधी, तर सगळे घरी परतल्यावर. मोहीम अर्ध्यात असताना कुणी यादी करत बसत नव्हतं.

(जाता जाता: त्या सैन्यात दोन प्रकारचे घोडेस्वार असत. शिलेदार, ज्याचा घोडा स्वतःचा. आणि बारगीर, ज्याला घोडा सरकारचा. स्वतःचा लॅपटॉप घेऊन येणारा फ्रीलान्सर आणि कंपनीचा लॅपटॉप वापरणारा पगारी माणूस. पावसाळ्यातल्या छावणीला आमच्या धंद्यात 'बेंच' म्हणतात.)

पुढे पेशवाईत जमाखर्चाचं वर्ष मृगाला सुरू व्हायचं. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवं साल. कागदांवर ते सुहूर सन किंवा अरबी सन म्हणून येतं, आकडे अरबी शब्दांत: खमस, सीत, सबा. मोडी वाचायला शिकताना हा प्रकार फार छळतो. पण आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी तक्रार करू नये. आपला कॉम्प्युटर १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजत बसतो, त्याला तरी कुठे अर्थ आहे? मृगाला मात्र होता. आधीच्या हंगामाचं पीक निघालेलं, त्यावरचा वसूल जमा झालेला किंवा थकलेला, आणि पुढची पेरणी अजून व्हायची. मागचं पुढच्यात कमीत कमी मिसळलेलं असतं असा तो क्षण. आजही महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, तलाठ्याला विचारा.

आता पुण्याचं हुजूर दफ्तर. इथे थोडा वेळ थांबणार आहे, कारण आढावा आणि नियोजन हे दोन वेगळे कागद असतात हे मला इथे नीट समजलं.

एखाद्या परगण्यावर कमाविसदार किंवा मामलेदार नेमला की त्याच्याबरोबर दफ्तरातून एक अंदाजपत्रक जायचं. त्याला अजमास म्हणत, बेहेडा म्हणत. या परगण्यातून इतकं उत्पन्न यावं, इतका खर्च मंजूर. आणि गंमत म्हणजे त्या अपेक्षित उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्यानं आधीच सरकारात भरायचा. त्याला रसद म्हणत. म्हणजे अजमास चुकला तर झळ पहिल्यांदा त्याच्या खिशाला. वर्षअखेरीला तो हिशेब घेऊन पुण्याला यायचा. दफ्तरात तो तपासला जायचा, मागच्या सालांशी ताडला जायचा. एकबेरीज नावाच्या दफ्तरात सगळ्या हिशेबांचे गोषवारे बनायचे: एकूण जमा, खर्च आणि बाकी यांचा तर्जुमा, आणि खर्चाची सदरवार खतावणी. ताळेबंद हा शब्द आपण आजही बॅलन्स शीटसाठी वापरतो. अजमास आपण 'अजमासे' म्हणून बोलण्यात ठेवलाय आणि व्यवहारातून घालवलाय.

या व्यवस्थेची फार आरती ओवाळायची गरज नाही. मामलेदार हिशेबाबाहेर खायचे, कारकुनांचा 'अंतस्थ' ठरलेला असायचा, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. पण निदान काय ठरलं होतं आणि काय झालं, हे दोन कागद शेजारी ठेवून कुणीतरी वाचत होतं.

सांगलीचे पटवर्धनही याच व्यवस्थेतले. सरंजामाच्या बदल्यात ठरलेली फौज बाळगायची आणि तिचा हिशेब द्यायचा. चिंतामणराव आप्पासाहेब १८०१ च्या सुमाराला मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीला आले, तेव्हा गावाबरोबर दफ्तराचीही वाटणी करावी लागली असणार, हे माझं अनुमान. पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रं मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावानं खंडामागून खंड छापली. लढाया शोधायला म्हणून हे खंड उघडले की पैशाची ओढ, फौजेचा थकलेला पगार, कर्जाची निकड हेच पानोपानी भेटतं. एका अर्थानं तो आपल्या जिल्ह्यातला कॅश फ्लोचा सगळ्यात मोठा छापील संग्रह आहे.

आणि मग दुसरा बाजीराव. त्याच्या काळात दफ्तराकडे दुर्लक्ष झालं, आणि परगणे मक्त्यानं द्यायची पद्धत बोकाळली. जो जास्त रक्कम बोलेल त्याला परगणा. मक्तेदारानं आकडा कबूल केलाय ना, मग पीक किती, गेल्या साली काय वसूल झालं, कुठल्या गावाला सूट द्यायला हवी, हे बघायचं कारणच उरत नाही. एल्फिन्स्टननं १८१९ च्या आपल्या अहवालात याचे परिणाम लिहून ठेवलेत. तो जिंकणारा होता, हरलेल्याचे दोष दाखवणं त्याच्या सोयीचं होतं, एवढं मीठ लावून ते वाचायचं. पण मक्त्याचं गणित त्याच्याशिवायही कळतं. आकडा आधी ठरला की ताळेबंद अनावश्यक होतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कुठल्याही कंपनीच्या व्हाइटबोर्डवर 'यंदा ३० टक्के ग्रोथ' लिहिलेलं दिसलं की मला मक्ता आठवतो. कुठून आले तीस? कुठल्या क्लायंटकडून, कुणाच्या हातून, कुठल्या महिन्यात? माहीत नाही. बोली लागली.

आता व्यापाऱ्यांकडे वळू, कारण सांगली खरी त्यांचीच. इथल्या हळदीच्या पेठेत वर्ष दिवाळीला बदलायचं. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन, पाडव्याला नवी कीर्द. हळद जानेवारीपासून निघते, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि उन्हाळाभर पेठ तुंबलेली. दिवाळीपर्यंत हंगामातल्या मालाची बरीचशी वासलात लागलेली, उधारी वसूल झालेली, आणि पुढचं पीक अजून जमिनीत. पुन्हा तोच हिशेब: गोदामात माल कमी असेल तेव्हा वही बंद करा, म्हणजे मालाची किंमत अंदाजानं धरायचा प्रश्न छोटा राहतो. न विकलेला माल हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली. २००५ च्या पुरात या पेवांत पाणी शिरलं आणि मोठं नुकसान झालं. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण स्टार्टअपपासून कोचिंग क्लासपर्यंत कशालाही लावतो, पण सांगलीकरानं तो वापरताना जरा जपून वापरावा.

साखरेचं वर्ष वेगळं. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी, मार्च-एप्रिलपर्यंत गाळप. देशभरात साखरेचं हंगामी वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर धरतात ते यामुळेच.

मग हे ३१ मार्च आलं कुठून? इंग्रज सरकारचं भारतातलं आर्थिक वर्ष १८६६ पर्यंत १ मे ते ३० एप्रिल होतं. १८६७ पासून ते १ एप्रिलला नेलं, कारण लंडनच्या सरकारचं वर्ष तसं होतं. (तिथल्या सामान्य माणसाचं कर वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं. त्यात १७५२ साली कॅलेंडरमधून गाळलेल्या अकरा दिवसांची भानगड आहे, तो वेगळा एपिसोड.) आपल्या पावसाशी, पिकाशी, पेठेशी त्याचा काहीही संबंध नाही. पण ते सरकारचं वर्ष होतं. व्यापाऱ्यावर सक्ती नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा आयकर कायदा आला तरी धंदेवाल्याला आपलं हिशेबाचं वर्ष निवडता यायचं: कुणाचं दिवाळी, कुणाचं जून, कुणाचं डिसेंबर. फक्त एकदा निवडलं की परवानगीशिवाय बदलायचं नाही.

सगळ्यांना ३१ मार्चच्या दावणीला बांधलं गेलं ते १९८९ मध्ये. १९८७ च्या दुरुस्तीनं ठरलं, १९८९-९० या आकारणी वर्षापासून लागू झालं. ज्यानं १९८७ च्या दिवाळीला वही उघडली होती, त्याचं ते वर्ष थेट ३१ मार्च १९८९ ला संपलं. सतरा महिन्यांचं वर्ष! म्हणजे ज्याला आपण अनादि काळापासूनची 'मार्च एंडिंग' समजतो, ती खासगी धंद्यांसाठी माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी आहे. पेठेत वहीपूजन आजही दिवाळीला होतं. टॅली मात्र मार्चला बंद होतं.

सरकारलाही हे वर्ष फार प्रिय आहे असं नाही. १९८४ साली नेमलेल्या एल. के. झा समितीनं वर्ष जानेवारीपासून करा म्हणून सुचवलं. कारण? पाऊस कसा झाला ते कळल्यावर अर्थसंकल्प करता येईल. सरकारनं ते मानलं नाही. २०१६ मध्ये शंकर आचार्य समिती बसली, २०१७ मध्ये मध्य प्रदेशानं जानेवारी ते डिसेंबर करायची घोषणासुद्धा केली आणि नंतर गुंडाळली. त्यामुळे ३१ मार्च राहणार, हे धरून चाला.

साखर कारखान्याचं यात काय होतं बघा. ३१ मार्चला गाळप संपत आलेलं, गोदामं पोत्यांनी भरलेली. वर्षातला सगळ्यात जास्त साठा त्या दिवशी. ऊस आल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी द्यायची असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक. साखर मात्र वर्षभर विकायची, आणि २०१८ पासून महिन्याला किती विकायची हेही केंद्र सरकार ठरवतं. म्हणून बँकेकडून मालतारण कर्ज. या दिवशी कारखान्याचा ताळेबंद काढला तर गोदाम भरलेलं आणि गल्ला रिकामा. त्यातलं नफा कुठला आणि आशा कुठली, हे साखरेला काय भाव धरलाय त्यावर.

आता आमच्या कंपनीवर येतो, कारण विश्रामबागेतल्या एका मजल्यावर नेमकं हेच घडत होतं.

आम्ही अकरा जण. कामाचे तीन ढीग. एक अमेरिकेतला क्लायंट, ज्याचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. दुसरा ढीग इथल्या पतसंस्था आणि सोसायट्या, ज्यांना मार्चअखेरच्या आधी सगळे रिपोर्ट, सगळे बदल हवे असतात. तिसरा, हंगामावर चालणारी कामं: उसाचं वजन, वाहतूक, तोडणीचा हिशेब. ती ऑक्टोबरच्या आधी चालू झाली तर झाली, नाही तर वर्ष गेलं.

जानेवारी ते मार्च आम्ही जेवायला घरी जात नाही अशी स्थिती असते. सगळ्यात जास्त तास त्या तीन महिन्यांत. पण त्या तासांची बिलं जातात मार्चमध्ये, आणि पैसे येतात मे महिन्यात. २०२३ च्या वित्त कायद्यानं एक बरं केलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. उद्यम नोंदणी केलेल्या आमच्यासारख्यांना त्याचा धाक दाखवता येतो. दाखवता येतो, एवढंच म्हणतो. ज्याला कराची फिकीरच नाही त्याच्यावर चालत नाही.

म्हणजे ३१ मार्चला आमचं गोदाम काठोकाठ भरलेलं आणि गल्ला रिकामा. साखर कारखाना!

आणि आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आढावा घ्यायचे. सीएंना कागद द्यायचेच असतात, तेव्हा सोबत आपलाही उरकून घेऊ, असा साधा विचार. तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये बँकेतली शिल्लक दोन पगारांना पुरेल एवढीही नव्हती. त्यातच अमेरिकेच्या क्लायंटनं एक काम थांबवलं होतं. दोन ट्रेनी होते, एक मुलगा, एक मुलगी, दोघंही याच भागातले. सहा महिने शिकवून तयार केलेले. एप्रिलअखेर त्यांचा करार संपत होता. त्यांना कायम केलं नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पतसंस्थांचे पैसे जमा झाले, जूनमध्ये थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं. मुलीला फोन केला तेव्हा ती हिंजवडीत रुजू होऊन पंधरा दिवस झाले होते. मुलाच्या घरी वडिलांनी उचलला. "सर, आता तो येतो म्हणाला तरी मी पाठवणार नाही," असं ते म्हणाले, आणि ते बरोबर होतं.

पैशाचं नुकसान किती हे काढता येतं. सहा महिन्यांचा स्टायपेंड, शिकवणाऱ्या सिनिअरचे तास, नव्या माणसाला पुन्हा शिकवणं. पण विश्रामबागेसारख्या ठिकाणी 'तिथे ट्रेनी ठेवतात आणि काढतात' हे एकदा कॉलेजच्या कट्ट्यावर गेलं की पुढच्या बॅचमधले चांगले हात तुमच्याकडे अर्जच करत नाहीत. ते आम्ही पुढचं वर्षभर भोगलं.

सरांना हिशेब कळत नव्हता अशातला भाग नाही. आकडे बरोबर होते. आकड्यांचा दिवस चुकीचा होता. माझ्यापुरतं सांगायचं तर, दफ्तराबद्दल वाचत असताना मी हे सगळं आमच्या महिनावार बिलांवर लावून बघितलं. येणी सगळ्यात कमी कुठल्या महिन्यात? जूनच्या सुरुवातीला. अमेरिकेचं वर्ष तोवर निम्मं उलगडलेलं. एप्रिलच्या पगारवाढीनंतर ज्यांना जायचं ते जूनपर्यंत गेलेले असतात, आणि नवीन पोरं जुलैत येतात. मागचं पुढच्यात कमीत कमी मिसळलेलं आहे असा आमचा क्षण म्हणजे ७ जूनच्या आसपास. मृग! मी सरांना तक्ता दाखवला तेव्हा ते आधी हसले, कारण त्यांच्या घरची शेती आहे आणि त्यांना मृग मला सांगायची गरज नव्हती.

तर गेली दोन वर्षं आम्ही मृगात बसतो. सरकारचं वर्ष सरकारला. ३१ मार्चला पुस्तकं बंद होतात, निर्यातीवर आयजीएसटी भरावा लागू नये म्हणून जीएसटीचं एलयूटी नव्या वर्षासाठी भरलं जातं, सीए आपलं काम करतात. त्या आकड्यांवर माणसांचे निर्णय घ्यायचे नाहीत, एवढंच ठरलंय. ट्रेनींच्या कराराची मुदतही जूनअखेरपर्यंत नेली.

बसतो म्हणजे काय करतो? एका क्लायंटला एक पान. त्यावर गेल्या जूनचा अजमास: किती तास लागतील, किती पैसे येतील, कुणाच्या हातून. शेजारी प्रत्यक्ष. खाली बाकी. हे आमचं एकबेरीज दफ्तर. अजमास मी लिहितो, प्रत्यक्षाचे आकडे अकाउंट्स बघणाऱ्या ताई लिहितात, आणि एकमेकांचा कागद आधी बघायचा नाही. मग पुढचा अजमास, पण त्या त्या क्लायंटच्या वर्षावर. अमेरिकेचं बजेट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठरतं, म्हणून प्रस्ताव दसऱ्याच्या आत जायला हवा. सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभा सप्टेंबरपर्यंत उरकतात, त्याआधी नवीन खरेदीचं कुणी मनावर घेत नाही. उसाची कामं तर जूनमध्येच पेरावी लागतात. असं केलं की 'वार्षिक टार्गेट' नावाचा एकच आकडा उरत नाही. काहींना ते गैरसोयीचं वाटतं. केपीआयटीसारख्या मोठ्या कंपनीला तो आकडा शेअर बाजाराला सांगावा लागतो. (नावातले के आणि पी म्हणजे कीर्तने आणि पंडित, सीएंची फर्म, महाराष्ट्रातल्या एका मोठ्या आयटी कंपनीचं मूळ हिशेबतपासनिसांच्या ऑफिसात आहे, हे मला फार आवडतं.) अकरा माणसांना तो आकडा कुणाला सांगायचाय?

पहिल्याच मृगात जे दिसलं ते कुणाला आवडलं नाही. आमच्या सगळ्यात जुन्या पतसंस्थेच्या पानावर अजमासाच्या दुप्पट तास होते. दर महिन्याला 'एवढं जरा करून द्या', 'तेवढं जरा बघा' असे फोन. मार्चच्या पुस्तकात ही संस्था नफ्यात दिसायची, कारण पैसे वेळेवर देते. तासांच्या पानावर ती तोट्यात होती, आणि तो तोटा दुसऱ्याच कामाच्या अंगावर पडत होता, ज्याला आम्ही 'स्लो' म्हणून नावं ठेवत होतो. मी म्हटलं, दर वाढवा किंवा सोडा. सर म्हणाले, कंपनीत तीन खुर्च्या होत्या तेव्हा पहिला चेक यांनी दिलाय, यांना सोडणार नाही. यावर आमचं एकमत झालेलं नाही. दुसऱ्या मृगात सरांनी स्वतःच त्या पानाच्या अजमासात दुप्पट तास लिहायला लावले आणि खाली 'सूट' असं सदर काढलं. पेशवाईत दुष्काळी गावाला द्यायचे तशी. निदान आता ते आपण जाणूनबुजून देतोय हे कागदावर आहे.

जुलैत दोन नवीन ट्रेनी आले आहेत. त्यांच्या नावाचं पान अजून कोरं आहे. पतसंस्थेच्या चेअरमनना भेटायला सर आणि मी दसऱ्याआधी जाणार आहोत, वाढीव दराचा कागद मी तयार केलाय, सर तो खिशातून बाहेर काढतात का ते बघायचं.

पुढच्या भागात हरिपूरची पेवं, सविस्तर. तोवर नमस्कार.